दोघे आत, एक बाहेर

मी, एल्विन टॉमस हेमर, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा मेंढ्या पाळणे, राहणार कुम-ऑनन, रॅडनरशायर, वेल्स, आज सोमवारी सकाळी पोटात दोन अंडी असताना आणि डोके ठिकाणावर असताना, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी कधी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. माझी तक्रार नाही. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम परवा संपला आणि शेवटच्या दिवशी मला दोन नर मिळाले, दोन्ही उडते. याहून जास्त मागणारा माणूस हावरट म्हणायचा.

कलम १. घर, गोठा, अठ्ठ्याऐंशी एकर जमीन आणि दोनशे चाळीस मेंढ्या माझी एकुलती एक मुलगी नेरिस हिला द्याव्यात. ती म्हणते, "बाबा, आत्ताच माझ्या नावावर करून टाका आणि स्वस्थ पडा." करत नाही. मालक म्हणून मरण्यात मजा आहे.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते नात हेलेड हिला. ती आठ वर्षांची आहे. तिने ते फार शहाणपणाने खर्च करू नये.

कलम ३. दिवाणखान्यातला पेंढा भरलेला फेझंट चुलतभाऊ सिरिल याला द्यावा. १९७१ साली सिरिलने माझ्या देखत जमिनीवर बसलेल्या पक्ष्यावर बार टाकला होता. हाही बसलेलाच आहे, त्याला सोपा जाईल.

कलम ४. या जमिनीवर शिकार आजवर झाली तशीच व्हावी. कुंपणाच्या झुडपांच्या दोन्ही बाजूंनी एकेक माणूस, मधून कुत्री. कुत्रीने पक्षी उठवला तर बार टाकायचा, नाही उठवला तर चिखल तुडवून भूक लावून घरी यायचे. घरात खाल्ले जाईल तेवढेच मारावे. शहरातून मोटारी भरून येणारे, ओळीत उभे राहून हाकाऱ्यांकडून पक्षी अंगावर आणवून घेणारे साहेब लोक यांना माझ्या फाटकाच्या आत घेऊ नये, मग ते कितीही देवोत. ती शिकार नव्हे, वाढपी ठेवून जेवणे आहे.

कलम ५. कावळ्यांबद्दल. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. गाय मरत नसेल, कोकरू मरते. नुकते जन्मलेले कोकरू अजून उभेही राहिलेले नसते, तोवर हा येऊन त्याचे डोळे काढतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये कावळा मारावाच लागतो, आणि तो एकट्या माणसाला मारता येत नाही. कारण तो बघतो. माणूस शेताच्या कडेच्या लपणात शिरताना दिसला, की तो बाहेर पडेपर्यंत हा पलीकडच्या ओक वृक्षावरून हलत नाही. पण त्याला मोजता येत नाही. म्हणून दोघांनी आत जायचे, एकाने बाहेर पडून चालू लागायचे. कावळ्याला वाटते, माणूस आला आणि गेला. मग तो उतरतो.

नियम तीन. चालणाऱ्याने मागे वळून बघायचे नाही. अकरा वाजता त्याने चहा घेऊन परत यायचे. आणि तो येईपर्यंत बसणाऱ्याने हलायचे नाही, कारण लपणातून आपोआप माणूस उगवलेला कावळ्यांनी एकदा पाहिला, की ते शेत वर्षभरासाठी हातचे गेले. मी आणि पेनलानचा माझा शेजारी मॉस्टिन बफ्टन, आम्ही एकतीस वर्षे आळीपाळीने बसलो आणि चाललो. माझी बायको मेअर म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्याच्याशी?"

कलम ६. हे कलम लिहायला मला नऊ वर्षे लागली.

एप्रिल २००५ मधला दुसरा शनिवार. बसण्याची पाळी मॉस्टिनची होती, चालण्याची माझी. मी घरी आलो, चहाची किटली ठेवली आणि फोन वाजला. नेरिसला हेरफर्डच्या इस्पितळात मुलगी झाली होती. मी किटली तशीच टाकून गाडी काढली. नातीला हातात घेतले आणि जग विसरलो. परत आलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि दिवसभर गारांचा पाऊस झोडपत होता. मॉस्टिन लपणातच होता. ओठ निळे पडलेले, समोर एकोणतीस मेलेले कावळे. माझे शेत वाया जाऊ नये म्हणून तो सकाळपासून हलला नव्हता.

"विसरलास मला?" त्याने एवढेच विचारले.

मी हो म्हणायला हवे होते. शरमेने माझी जीभ भलतीकडे वळली. म्हणालो, "आज तुझं तू यायचं, असं ठरलं होतं की आपलं!"

त्याने माझ्याकडे पाहिले, बंदूक उघडली, काडतुसे काढून खिशात टाकली आणि निघून गेला. तीन आठवडे न्यूमोनियाने अंथरुणात होता. मी बघायला गेलो नाही. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

तरी मी येथे जाहीर करतो, की तसे काहीही ठरले नव्हते. मी विसरलो होतो, आणि वर खोटे बोललो. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. कोणीतरी आणायला हवा होता.

कलम ७. माझी बाराबोअरची दुनळी बंदूक आणि स्पॅनियल कुत्री टॅन्सी, दोन्ही मॉस्टिन बफ्टन याला. बंदुकीची डावी नळी जरा वर मारते. त्याच्या स्वतःच्या बंदुकीचा दस्ता दोरीने बांधलेला आहे हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. लपणाची जाळी आणि आमिषाचे प्लास्टिकचे कावळे मात्र नेरिसला. म्हणजे एकाला दुसऱ्यावाचून चालणार नाही. पहिली कोकरे दहा मार्चला येतील. मॉस्टिन येईल की नाही, मला माहीत नाही. नाही आला तर कोकरांच्या डोळ्यांचा भरवसा नाही. आणि खरे सांगायचे तर मला कोकरांपेक्षा माझीच काळजी आहे. त्याच्याशी न बोलता मरणे माझ्या जिवावर आले आहे.

येथे लेखणी खाली ठेवावी लागली, त्याचे कारण असे. साक्षीसाठी आमच्या चर्चच्या धर्मगुरू प्रॉसरबाई दहा वाजता आल्या. दुसरा साक्षीदार तापाने पडला होता, म्हणून बाईंनी मला न विचारता सगळ्यांत जवळच्या घरी फोन केला. दार उघडले तर मॉस्टिन, टोपी हातात.

"सही कुठं करायची?" तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"तुला करता येणार नाही," मी म्हणालो.

"का? साक्षीलासुद्धा चालत नाही होय मी?"

"नाही चालत."

"वा रे वा! मरायला टेकलास तरी तुझा ताठा काही गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते उगाच नाही." त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि वळला.

प्रॉसरबाईंनी टेबलावरच्या कागदावर नजर टाकली आणि त्या मध्ये पडल्या. "अहो बफ्टन, थांबा! ज्याला काही मिळायचं असतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. कायदाच आहे तसा."

त्याचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. "मिळायचं? मला? काय?"

"कुत्री," मी म्हणालो. "बंदूक. आणि कलम सहा."

"काय आहे त्यात?"

"वाच की. डोळे फुटले का तुझे?"

"चष्मा नाही आणला."

तेव्हा मलाच मोठ्याने वाचावे लागले. लिहिणे सोपे होते. वाचताना बाईंना मला दोनदा पाणी द्यावे लागले. माझे वाचून झाले. टॅन्सी उठून त्याच्या बुटांना टेकून बसली.

"सत्तावीस नव्हते," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"कावळे. तू सत्तावीस वाचलंस. एकोणतीस होते. दोन कुंपणापलीकडे पडले होते. दुरुस्त कर."

मी दुरुस्त केले.

"आणि पोरगी झाली हे तेव्हाच सांगितलं असतंस, तर आणखी दोन तास बसलो असतो, गाढवा." एवढे बोलून तो चुलीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने जोरात नाक शिंकरले. मी माझे टेबलाच्या कापडाला पुसले. नेरिसने माफ करावे.

कलम ८. मला गावच्या चर्चच्या आवारात मेअरच्या शेजारी पुरावे. भाषण नको. सगळे गेल्यावर मॉस्टिनने एकट्याने थोडे मागे थांबावे आणि मग फाटकाबाहेर चालत जावे. तिथल्या झाडावर कावळे बसलेले असतीलच. त्यांना वाटेल, माणूस आला आणि गेला, आत कोणी नाही.

मॉस्टिन, मागे वळून बघायचं नाही. नियम तुला माहीत आहेत. या वेळी बसायची पाळी माझी, मी हलणार नाही. अकरा वाजता चहा घेऊन ये. आणि एखाद्या दिवशी विसरलास, तर फिट्टंफाट.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला कबूल आहे. कलम ६ मध्ये "सत्तावीस" खोडून "एकोणतीस" केले आहे, ती दुरुस्ती माझीच.

एल्विन टॉमस हेमर (सही)

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी समक्ष हजर:
१. थर्झा प्रॉसर, धर्मगुरू (सही)
२. विनफर्ड लेलो, मेंढ्यांच्या खाद्याच्या लॉरीचे चालक, अंगणातून हाक मारून बोलावले (सही)

हजर, परंतु कलम ७ मुळे सही न केलेला: मॉस्टिन बफ्टन, पेनलान.

ठिकाण: कुम-ऑनन. दिनांक: ३ फेब्रुवारी २०१४. वेळ: सकाळचे अकरा. चहा मॉस्टिनने केला.