पऱ्यांचा वाटा

दि. ४ मार्च

ती. शीरीन आपास दिदारचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली टोपी जीपवाल्या अकबरने पोचवली. आईने ती आधी स्वतःच घालून आरशात बघितली. बाकी काही ठीक नाही.

परदेशी शिकारी येऊन आठवडा झाला आणि डाव्या शिंगाचं टोक तुटलेला आपला म्हातारा मारखोर रानबोकड कुठेच दिसत नाही. समोर येतो तो दुसराच बोकड, ऐन भरातला. कळप त्याच्यावर वाढतोय. कायद्याने फक्त म्हातारा नर मारता येतो, आणि शिंगांच्या वळ्या बघून वय सांगायचं काम राखणदार म्हणून माझं. शिकार नाही तर गावाला परवान्याचा पैसा नाही, आणि शाळा त्याच पैशावर चालते.

मामू गावाच्या राखण समितीचा प्रमुख. भर बैठकीत माझ्यावर ओरडला, की त्या गोऱ्याला वळ्यांतलं काय कळतंय, तू नुसती ‘म्हातारा आहे’ म्हणून मान हलव. म्हणाला, लोकांना मी बंदुका खुंटीला टांगायला लावल्या त्या काय शोभेसाठी? शुक्रवारी शिकारी परत जाणार. अकबरबरोबर उत्तर धाड.

तुझा दिदार

दि. ५ मार्च

चि. दिदारास अ. उ. आ.

तुझं पत्र ड्यूटीवर, वॉर्डात उभ्याउभ्या वाचलं. मान हलवू नकोस. खोटं उघडं पडलं तर गावाचा परवाना जाईल, मग घरोघरच्या बंदुका खाली येतील आणि कळप दोन हिवाळेही टिकणार नाही.

आजी सांगायची ते आठवतं? रानातली जनावरं पऱ्यांची गुरं. पऱ्या आधी खातात, हाडं जुळवून जनावर पुन्हा उभं करतात, आणि शिकाऱ्याला मिळतं ते त्यांनी खाल्लेलंच. मामूचा यावर अजून विश्वास आहे. त्याला सांग, की या बोकडाला पऱ्यांनी तोंड लावलेलं नाही. हसू नकोस, गाढवा. मला तुझी फार काळजी वाटते.

तुझी आपा

दि. ११ मार्च

ती. आपास सा. न. वि. वि.

मी मान हलवली नाही. मामूला पऱ्यांचंही सांगितलं, तो थुंकला. शिकारी हात मिळवून गेला. लोक माझ्याशी बोलेनासे झाले.

काल मामूने खुंटीवरची बंदूक काढली. अंगणात म्हणाला, की आता तो बोकड मीच पाडतो आणि गावाला जेवू घालतो. कुणीही अडवलं नाही. मी मागोमाग गेलो.

हिमलोट कोसळलेल्या घळीत मामू एकदम थांबला. बर्फातून एक शिंग वर आलं होतं, टोक तुटलेलं. आपला म्हातारा. लोटाखाली सापडलेला, मागाहून हिमबिबट्याने खाल्लेला. हाडं तेवढी उरली होती. मामूने वळ्यांवरून बोट फिरवलं. नेमका तेव्हाच पलीकडे तो दुसरा बोकड माद्यांसह उघड्यावर आला, अगदी टप्प्यात.

मामूने बंदूक उचललीच नाही. पऱ्यांचं ते बोलणं माझं की तुझं, एवढंच विचारलं. तुझं म्हटल्यावर पुटपुटला, की पोरगी बरोबर बोलली, पऱ्या जेवून गेल्या आणि आपल्याला बोलावलंही नाही. उतरताना गुडघे दुखतात म्हणून बंदूक माझ्याकडे दिली. उद्या कळपाच्या राखणीला माझ्याऐवजी तोच जाणार आहे.

लोक अजून बोलत नाहीत. तू मात्र अशीच रागावत राहा.

तुझा दिदार

ता. क. मामूलाही टोपी हवी आहे. पांढरीच पाठव म्हणाला. राखण करणारा बर्फात मारखोराला दिसता कामा नये.