दाजींनी धोंड्याला मागितलेला शेवटचा भाग

जळगाव,
अधिक ज्येष्ठ, बुधवार

आदरणीय प्रेमराजदाजी यांना धाकटा मेहुणा किरण याचा वाकून नमस्कार.

इकडे मी सोडून बाकी सगळे खुशाल आहेत. आईचे गुडघे मागच्या आठवड्यापेक्षा बरे आहेत आणि जळगावचं ऊन नेहमीसारखंच आहे. तिकडे दोंडाईच्याला आपली तब्येत, रूपाताईची ॲसिडिटी आणि विशेष करून आपली एलईडी स्क्रीन, सगळ्यांची प्रकृती चांगली असेल अशी आशा करतो. स्क्रीनबद्दल आशा करायचीही गरज नाही, तिची खबरबात पार पाचोरा-भडगावपर्यंत पोहोचली आहे. आपण आमच्या घरचे जावई. जावयाला रागावून लिहायची आमच्याकडे पद्धत नाही, तेव्हा हे पत्र रागाने लिहिलेलं नाही हे आधीच सांगून टाकतो. (पहिले दोन कागद फाडले ते अक्षर चांगलं आलं नाही म्हणून.) मोबाइलवर न लिहिता स्पीड पोस्टाने का पाठवतोय, असं आपल्याला वाटेल. तर आपल्या मोबाइलवर आलेली वस्तू किती लांब जाते, याचा मला नुकताच अनुभव आला आहे.

मी पेपरात नेमकं काय करतो, याबद्दल आपल्या मनात थोडा गोंधळ आहे. (मागे एका साखरपुड्यात आपण माझी ओळख 'हा टीव्ही बघायचा पगार घेतो' अशी करून दिली होती. मंडळी माझ्याकडे फार आदराने बघत होती.) मी रविवारच्या पुरवणीत 'बसल्या जागी' हे सदर लिहितो. खाली नाव नसतं, नुसतं 'एक प्रेक्षक' असं असतं. नाव छापा म्हणून मी एकदा संपादकांना विनंती केली होती, तेव्हा ते म्हणाले, नाव छापून काय होणार आहे, वाचणारे वाचतातच. तर रविवारी सकाळी परीक्षण छापून यावं म्हणून वाहिनीवाले मोठ्या भागांची प्रत आम्हाला आधीच पाठवतात. प्रत म्हणजे एक लिंक, ती एकदाच उघडते. आणि भाग चालू असताना चित्रावरून माझं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहतो. कुणी चोरून चित्रण केलंच, तर कुणाच्या घरातून केलं ते कळावं, एवढ्यासाठीच ती सोय आहे.

आता त्या दिवसाची आठवण काढतो. अधिक महिना, आपण धोंड्याला आलेले. आईने दोन दिवस खपून खापरावरच्या पुरणपोळ्या केलेल्या, आमरस केलेला, चांदीचं निरांजन आणून ठेवलेलं. आणि त्याच दुपारी 'उंबऱ्यापलीकडची मंजिरी'चा शेवटचा भाग मला आला होता. मंजिरीच्या दुधात विष कोणी कालवलं, या प्रश्नावर वर्षभर अख्ख्या महाराष्ट्राने जेवणं पुढे ढकलली आहेत, हे आपल्याला मी सांगायला नको. आपण ताटावर बसलात, निरांजनाकडे बघितलंही नाहीत आणि म्हणालात की वाण-बिण काही नको, तो शेवटचा भाग दाखव. मी अटी सांगितल्या. सही केली आहे, कुणाला दाखवता येत नाही, हेही सांगितलं. आपण नुसते पोळीला हात न लावता बसून राहिलात. जावई भरल्या ताटावर हात आखडून बसलाय हे बघून आईचा चेहरा जो उतरला, तो मला अजून दिसतो. ती एवढंच म्हणाली, "जवाईले नही म्हनानं नही." संपला विषय. वाहिनीच्या वकिलांनी पानंच्या पानं भरून केलेला करार आमच्या स्वयंपाकघरातून आलेल्या एका वाक्याने निकालात निघाला.

टीव्ही समोर, ताट समोर, आणि आपण आपला मोबाइल तांब्याला टेकवून उभा ठेवलात. मला वाटलं, घड्याळ दिसावं म्हणून. (मी टीव्हीचा समीक्षक आहे, माणसांचा नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.) भाग रंगात आला, मंजिरीने दुधाचा पेला तोंडाला लावला, आणि आपल्याला रस कोमट लागला. मी बर्फ आणायला गेलो. त्या उन्हात तिसऱ्या दुकानात बर्फ मिळाला. परत आलो तेव्हा आपण हात धूत होतात, लिंक बंद झाली होती आणि आई रिकाम्या पडद्याकडे बघत बसली होती. मी विचारलं, काय झालं शेवटी? ती म्हणाली, "तुना बापनं नाव टीव्हीवर उनं." विष कोणी घातलं, कोण मेलं, तिला काही ठाऊक नव्हतं. तिने सबंध भाग फक्त पडद्यावर आलेलं 'किरण झुलाल बोरसे' वाचण्यात घालवला होता. आबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण तोंडाने त्यांचं नाव तिने कधी घेतलं नाही, दाजी. त्या दिवशीही घेतलं नाही. नुसतं बोटाने हवेत दाखवत होती, इथून निघालं आणि तिथे गेलं म्हणून.

पुढचं मला रूपाताईने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, त्यामुळे आपला मंडपाचा धंदा बंद, स्क्रीन धूळ खात पडलेली. ती खराब होऊ नये या शुद्ध हेतूने आपण ती गल्लीत उभी केलीत आणि टेस्टिंगसाठी घरात दुसरं काहीच न सापडल्यामुळे मंजिरीचा शेवटचा भाग लावलात. बठ्ठी गल्ली लोटली म्हणे, घरात कुणी उरलं नाही. बायका पोती अंथरून बसल्या, भेळेची गाडी आली, आणि ज्यांच्या हातात मोबाइल होते त्यांनी आपापली प्रत काढून घेतली. सकाळी तो भाग पाचोऱ्यात होता.

दाजी, आपण लग्नात स्क्रीन लावता तेव्हा नवरानवरीच्या चित्रावरून शुभेच्छुकांची नावं फिरवता. आपल्या गिऱ्हाइकांना त्याची सवय आहे. त्यामुळे मंजिरीच्या तोंडावरून माझं नाव फिरताना बघून लोकांनी सरळ अर्थ काढला की ही मालिका किरण बोरसे यांच्या सौजन्याने आहे. नंबरही होताच. पहिला फोन आपल्या पेठेतल्या नेमीचंदशेठचा. त्यांनी अभिनंदन केलं आणि पुढच्या मालिकेत त्यांच्या कापड दुकानाचं नाव टाकता येईल का, अशी चौकशी केली. मात्र नाव हिरॉइनच्या चेहऱ्यावरून नको, खालून जाऊ द्या, तोंड झाकलं तर गिऱ्हाईक चिडतं, असं त्यांनी अनुभवाने सांगितलं. मग एका गृहस्थांनी विचारलं की मधून मधून फुर्र असा आवाज येतो, तो विषाचा का? (तो आपण रस ओढल्याचा होता. मी हो म्हणालो.) भडगावहून एक बाई रडत होत्या. "भाऊ, तुम्ही तिले मारी टाकाले नको व्हतं," म्हणाल्या. मी माफी मागितली. कोणाला मारलं ते विचारायची सोय नव्हती, कारण ते मीच ठरवलं अशी त्यांची समजूत होती. अख्ख्या खानदेशाला शेवट ठाऊक आहे, दाजी. ठाऊक नाही तो एकट्या परीक्षण लिहिणाऱ्याला.

त्यानंतर मुंबईहून वाहिनीच्या हर्षिता मॅडमचा फोन आला. फार गोड बोलतात. त्यांनी विचारलं, सर, भाग कुणाला दाखवला होता? मी म्हणालो, जावयाला. त्या म्हणाल्या, करारात कुटुंबीय, मित्र आणि सहकारी यांना मनाई आहे. मी म्हणालो, जावई यांपैकी कशातच बसत नाही. मग त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी त्यात 'अधिक महिना होता' एवढं खरं कारण लिहिलं. त्यांनी मला कायमचं यादीतून काढलं. संपादकांनी सांगितलं की हे शेवटचं परीक्षण शुक्रवारपर्यंत दे, पान रिकामं आहे, आणि त्यानंतर सदर बंद. परीक्षणाखाली नेहमीप्रमाणे 'एक प्रेक्षक' असेल. त्याच्या शेजारी चौकटीत छापून येईल की किरण झुलाल बोरसे यांच्या कृत्याबद्दल दैनिक दिलगीर असून त्यांचा आमच्याशी यापुढे संबंध नाही. म्हणजे नाव छापायला त्यांची कधीच हरकत नव्हती, फक्त योग्य प्रसंगाची वाट बघत होते. मला फार वाईट वाटलं, दाजी. मला ते सदर लिहायला आवडत होतं.

तर आपल्याला हात जोडून विनंती की आपल्या मोबाइलमधून, स्क्रीनच्या पेनड्राइव्हमधून आणि गल्लीतल्या समस्त भाविकांच्या मोबाइलमधून तो भाग ताबडतोब पुसून टाकावा. तसं मी हर्षिता मॅडमना लेखी कळवलं आहे. रूपाताईला नमस्कार. आपला लोभ आहे तसाच असावा, याहून वाढला तर मला झेपणार नाही.

आपला आज्ञाधारक,
किरण

ता. क. : चांदीचं निरांजन इथेच राहिलं. धोंड्याचा जावई रिकाम्या हाताने गेला म्हणून आईला चैन पडत नाही. येत्या सोमवारी मी स्वतः घेऊन येतो. (भाग हे वाण धरावं, असं मी सुचवून पाहिलं. तिने माझ्याशी दिवसभर बोलणं टाकलं.)

आणखी एक : पुसण्याआधी तो भाग मला पाठवा. मंजिरी पेला तोंडाला लावते तिथून पुढचा. शुक्रवारी परीक्षण द्यायचं आहे आणि लिंक आता उघडत नाही. शेवटचं आहे, तर नीट बघून लिहितो.

हे आईला सांगू नका : खरं तर अख्खाच पाठवा. आपल्या रस ओढण्याचा आवाज काढलात तरी चालेल, पण नाव काढू नका. रविवारी टीव्हीवर भाग लागेल तो स्वच्छ असेल, त्यात नाव नसेल. आई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसते आणि ते पुन्हा कधी येणार म्हणून विचारते. रविवारी ते पेपरातल्या चौकटीत येणार आहे, पण तो पेपर मी सकाळीच उचलून ठेवणार आहे.