हिरव्या खिडकीची पूड

बाल्टिमोर, ३ मार्च १९९८

ती. आईस,
लव्हॉनचा शि. सा. न.

तू पाठवलेले पेकनचे दाणे मिळाले. निम्मे डोर्सीदादानं फस्त केले, उरलेले मी लपवलेत.

बातमी बरी नाही. दादाच्या पर्लीच्या रक्तात शिसं सापडलंय. नर्स म्हणाली, ते जुन्या रंगातून येतं आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. आपल्या हिरव्या खिडक्या वरखाली करताना पूड पडते ना, तीच. दोन वर्षांची पोर तिथंच खेळते आणि बोटं चोखते. वहिनी रडली, की लोक तिला घाणेरडी म्हणतील. ती दिवसातून दोनदा कोरडा झाडू मारायची. त्यानं पूड उलट जास्त उडते म्हणे. आता ओल्या फडक्यानं पुसतो.

घरमालक स्ट्राउब म्हणतो, रंगात शिसं आहे हे मला कधी ठाऊकच नव्हतं. पटत नसेल तर जागा खाली करा. मी त्याला सांगितलं, की ठाऊक असेल तर करार करताना लेखी कळवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि तक्रार केली म्हणून भाडेकरूला काढता येत नाही. दादा म्हणाला, वकीलबाई, तुमची पदवी खिडकीला लावा, वारा तरी अडेल. तरी कोर्टाच्या अर्जावर सही केली त्यानं. सुनावणी २४ तारखेला आहे.

माया आहेच, थोडी हिंमतही पाठव.

तुझी लव्हॉन

ऑरेंजबर्ग, ८ मार्च

चि. लव्हॉनला अ. उ. आ.

पर्लीला जपा. पण मालकाशी वाकडं घेऊ नकोस. आम्हा काळ्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा स्ट्राउबनं घर दिलं. वहिनीला म्हणावं, दारापुढच्या पायऱ्या घासत जा. तीस वर्षं दर शनिवारी मी त्या संगमरवरी पायऱ्या घासल्या. माझ्या घराला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

जपून राहा, आईचं ऐक.

तुझी आई

बाल्टिमोर, १३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस. काल नर्सनं विचारलं, या घरात आणखी कुणी लहानाचं मोठं झालंय का. दादा म्हणाला, मी. दुसरीत दोनदा नापास झालो, बाई आळशी म्हणायच्या, असं हसतहसत सांगत होता. मग नर्स हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

आई, दोष देत नाही, फक्त विचारते. तेव्हा कुणी आलं होतं का?

लोभ तोच आहे. खरं लिही.

लव्हॉन

ऑरेंजबर्ग, १७ मार्च

चि. लव्हॉनला अ. उ. आ.

आलं होतं. १९६९ साली. डोर्सी तीन वर्षांचा होता. शहराच्या आरोग्य खात्याची बाई खिडक्या तपासून गेली. रंगात शिसं आहे असा एक कागद मला दिला, तसाच एक स्ट्राउबला. माझ्या प्रतीवर त्याची पोच म्हणून सही आहे. तेव्हा केस काळे होते त्याचे. मला वाटलं, घर अस्वच्छ ठेवते म्हणून लेखी बोल लागला. कुणाला दाखवला नाही, बायबलमध्ये ठेवला. आणि पायऱ्या घासत राहिले. डोर्सीला आळशी मीही म्हणायचे, बाईंपेक्षा जास्त.

कागद पोस्टानं पाठवत नाही. रविवारच्या बसनं घेऊन येते. न्यायाधीशापुढे मीच बोलेन. काढतो म्हणाला ना जागेतून, माझ्यादेखत काढून दाखव म्हणावं.

डोर्सीला काही सांगू नकोस, ते माझ्या तोंडून ऐकू दे त्याला. त्या पायरीवर माझ्यापुरती जागा ठेवा.

लोभ ठेव असं म्हणायला या वेळी जीभ रेटत नाही. ठेवलास तर उपकार होतील.

तुझी आई