भाच्याचा तिसरा मसुदा

मी, कालिंदी केशव वेरूळकर, निवृत्त मराठी शिक्षिका, वय पासष्ट, राहणार उस्मानपुरा, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. पोलीस ॲक्शनने निजामाचे राज्य गेल्यावर इकडे मराठी शाळा वाढल्या, तेव्हा मला नोकरी लागली. आमचे मुख्याध्यापक नानासाहेब प्रत्येक निबंधाखाली ‘ठीक’ लिहून मोकळे होत. मला म्हणत, “बाई, समासात इतकं कशाला लिहिता? पोरं वाचत नाहीत.” पोरं वाचत, भांडायलासुद्धा येत. माझी लाल शाईची दौत नानासाहेबांना द्यावी. अजून वेळ गेलेली नाही.

२. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. आधीच्या मृत्युपत्रात ते सगळे मनकर्णाला दिले होते. ही वैजापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, माझी विद्यार्थिनी. आता माझ्याच बैठकीत मुलांना निबंध शिकवते. हे कळताच माझा भाचा मधुसूदन शहागंजातले घड्याळांचे दुकान बंद करून तणतणत आला.

“आत्या, घरावर हक्क माझा!”

“कारणं लिहून आण,” मी म्हटले.

पहिल्या कागदावर होते : ‘मी एकुलता भाचा. लोक काय म्हणतील?’ मी समासात लिहिले : ‘हे नाते झाले, कारण नव्हे. लोकांचे राहू दे, तुझे सांग.’

दुसऱ्यावर दुकान वाढवण्याचा भला मोठा हिशेब होता आणि अगदी तळाशी एक ओळ : ‘शिवाय मला इथे बरे वाटते.’ मी ती अधोरेखित केली. ‘खरा मुद्दा हाच. इथून सुरू कर. बरे का वाटते?’

मनकर्णा हसली. “दादा, मलाबी बाईंनी असंच रडवलं व्हतं. लिहा, लिहा.”

तिसरा कागद त्याने माझ्यासमोर धरला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. ‘आई गेल्यावर मला रागावणारे एवढेच घर उरले. आत्याही गेली, तर रविवारी मी कुठे जाऊ? घर विकले, तर दुकान मोठे होईल. रविवार मात्र राहणार नाही. म्हणून मला घर विकायला नको, राहायला हवे.’

एकही शब्द खोडावासा वाटला नाही. माझे मत मात्र खोडले.

म्हणून बैठकीची खोली मनकर्णाला, वर्गासाठी. बाकी घर मधुसूदनला, राहण्यासाठी. विकण्याचा अधिकार दोघांनाही नाही.

“दादा, पोरं लई गलका करतील,” मनकर्णाने बजावले.

“करू द्या. घड्याळांची टिकटिक ऐकून कंटाळलोय,” तो म्हणाला.

३. बँकेतली शिल्लक वर्गाच्या खडू-कागदाला आणि निकालाच्या दिवशी मुलांना इमरतीची मिठाई वाटायला वापरावी.

४. वरील वाटणीसाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. मधुसूदन बिऱ्हाडासह कालच राहायला आला. भाचेसून पुरणपोळी करते आहे, बैठकीत मुले वाद घालत आहेत. मला जाण्याची मुळीच घाई नाही.

सही : कालिंदी केशव वेरूळकर

आमच्यासमक्ष सही झाली :
आशाबाई पाठक, शेजारीण
डॉ. काकासाहेब जाधव

औरंगाबाद, ९ नोव्हेंबर १९८६