हुकवरची खुर्ची

शनिवार संध्याकाळ, ऑक्टोबर संपत आला. ॲन आर्बर.

गॅरेज विंटरसाठी रेडी केलं एकदाचं. दाराखालची फाटकी रबरपट्टी बदलली, लॉनमोवर मागे ढकलला, बर्फावर टाकायच्या मिठाची बादली पुढे आणली. हात दुखतायत, पण डोक्यात ती खुर्चीच.

आई गेल्यावर मीच हट्टाने बाबांना इथे आणलं. उन्हाळाभर ते गॅरेजचं दार उघडं टाकून त्या खुर्चीवर बसले, नागपुरात ओट्यावर बसायचे तसे. जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करायचे. आणि आता महिनाभर एकच धोशा: बर्फ पडायच्या आत मला नागपूरचं तिकीट काढून दे.

म्हणून आज खुर्ची घडी करून हुकवर टांगली. न विचारता. बाबांच्या डोळ्यांदेखत. इतकी घाई कशाला केली मी? राग होता का?

मघाशी मी कचरा टाकायला गॅरेजमध्ये गेले, तर खुर्ची परत खाली, खिडकीपाशी. बाबा वाकून नव्या पट्टीवर हात फिरवत होते.

"वारा थांबला बरं का," म्हणाले. "आता बर्फ काढायचं फावडं जरा हलकं पाहशील. हे जड आहे मला."

तिकिटाचं मी विचारलं नाही. उद्या सकाळी आधी फावडं.