ताईचा हात

रोहा, ४ जुलै

प्रिय मालूताईस,
सुशीलचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. दुकानात बॅनरची कामं सुरू झालीत. घरी वैशाली विचारते, बहिणीला फोन सोडून पत्र कसलं लिहिताय? तिला काय सांगू, फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते.

मे महिन्यात तू हौसेनं माझ्याकडे संगणक शिकलीस आणि त्यावरच हिरामणकाकांच्या कारखान्यातल्या मूर्तींच्या खोक्यांवर छापायला गणपतीचे डोळे काढलेस. काका ते बघायला दुकानात आले. मी चित्र मोठं करून दाखवलं, तर रेघा धुरकट, कडेला पायऱ्या पायऱ्या. काका म्हणाले, "मालूची रेघ अशी नाय." मला कारण ठाऊक नव्हतं. पण एवढा दुकानदार मी, 'माहीत नाय' कसा म्हणणार? म्हटलं, "ताईचा हात हल्ली कापतो."

तेवढ्यावर कारखान्यात बावीस वर्षं तू करत आलेली मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तुझ्याकडून गेली. आता तू नुसते मूर्तींचे पीतांबर रंगवतेस.

ताई, तुझा हात कापत नाही. मला हे गेल्या आठवड्यात, बुधवारी कळलं. मोबाईलवर दाखवायच्या एका चित्रासाठी मीच संगणकात एक सेटिंग चालू करून विसरलो होतो. त्यात कुठलीही रेघ चौकोनी ठिपक्यांत दिसते. ते बंद केलं आणि तुझे डोळे लख्ख. शंभरपट मोठे केले तरी कड फाटली नाही. फाईलमध्ये रेघ पहिल्यापासून स्वच्छ होती, माझा पडदाच ती तशी दाखवत होता.

रविवारी पेणला आलो तो हेच सांगायला. तू घावणे केलेस. कप दोन्ही हातांनी धरून बोटांकडे बघत म्हणालीस, "मला नाय रे जाणवत, पण कापत असंल." आणि मी मेल्यानं चार घावणे खाल्ले न् रोह्याची एसटी पकडली. लिहिताना लाज वाटते.

आज कारखान्यात जाऊन सगळ्या कारागिरांसमोर काकांना खरं सांगितलं. त्यांनी हातातली मूर्ती खाली ठेवली. मग म्हणाले, "सोमवारपास्नं आखणीवर मालूच बसंल. पण ते तिला तुझ्या तोंडानं सांग." तुझ्या दारापर्यंत आलोही. आत तुझा आवाज आला आणि परत फिरलो.

पत्र वैशालीच्या हाती देतोय. तिला यातलं काही ठाऊक नाही. वाचून झालं की तिलाही दाखव.

सोमवारी ब्रश धरताना हात कापलाच, तर तो माझ्या बोलण्यानं कापेल. तुझ्यात काही खोट नाही.

तोंडानं सांगू न शकलेला,
तुझा सुशील