मागच्या जिन्याची चावी

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

दिवाकर सरांनी, म्हणजे होस्टेलच्या रेक्टरनी, सकाळी बोलावलं. नारिंगी जाकीट दिलं, शिट्टी दिली. म्हणाले, नाथा, वॉचमनकीबरोबर फायर सेफ्टीपण तूच बघ. युनिव्हर्सिटीचं पत्र आलंय, कुणाचं तरी नाव टाकावं लागतं. कुणाचं तरी म्हणाले, पण टाकलं माझंच. एवढी शिकलेली पोरं राहतात इथं! आठवी नापास माणसात काहीतरी दिसल्याशिवाय नाव टाकत नाहीत.

सुरतेला कापड, चाकणला नटबोल्ट. दोन्हीकडं माझी किंमत कळली नाही. नाशिकनं ओळखलं.

किनवटला आईला फोन. सांगितलं, ऑफिसर झालो, आगीचा. आई म्हणाली, म्हंजे आग लागली की तू आत जायचं का बाहेर पळायचं? तिला पोस्ट कळत नाही.

ठराव: रोज सगळे मजले चेक करायचे.

९ सप्टेंबर

तळमजला चेक केला. वरचे मजले तसेच आहेत, एकसारखे बांधलेत.

पुढच्या जिन्याखाली मीटरबोर्ड. तिथं जळक्या रबरासारखा वास. मेसच्या सिंधुबाई पेठकडच्या, लय बोलतात. म्हणाल्या, नाथा, काय तरी जळतंय रं, परवापासून वास येतोय. मी म्हणालो, मावशी, तुमचं पातेलं करपलं असेल. त्या म्हणाल्या, माझं पातेलं करपलं तर ते तू चाटूनपुसून खातोस, वास उरतोय कुठं?

ऑफिसरनं घाबरून चालत नाही.

११ सप्टेंबर

पोरं रात्री मागच्या जिन्यानं उतरून बाहेर खायला जातात. सर म्हणाले, खालच्या दाराला कुलूप घाल. द्वारका चौकातल्या दुकानातून चांगल्यातलं आणलं, मोठं. दुकानदार म्हणाला, हे हत्तीनं ओढलं तरी तुटायचं नाही. बाहेरून लावलं. चावी माझ्या कमरेला.

दारावर 'संकटकालीन मार्ग' अशी पाटी आहे. ती पुसून घेतली. छान दिसते.

तिसऱ्या मजल्यावर, मागच्या जिन्याला लागून धवलची खोली. इंदिरानगरच्या बोगद्यात गाडी घसरली त्याची, पाय प्लास्टरमध्ये, कुबड्या. खालची खोली मागतोय. सर म्हणतात, खाली पाहुण्यांसाठी ठेवावी लागते, बघू. धवलनं विचारलं, नाथाभाऊ, या दाराला कुलूप, मग काही झालं तर मी कुठून जायचं? मी म्हणालो, मी आहे ना.

तो हसला. पोरगा गोड आहे. भरवसा ठेवतो.

१५ सप्टेंबर

पोरं खोलीत मॅगी करतात, धूर होतो, आगीचा हूटर बोंबलतो. दुपारी सरांची झोपमोड झाली. म्हणाले, त्याचं काहीतरी कर. मी देवळाली कॅम्पच्या बाजारातून मिल्ट्रीचे लोकरी मोजे आणले होते. एक हूटरमध्ये कोंबला, वरून टेप. आता पारवा घुमल्यासारखा आवाज येतो. कानाला बरा.

हे डोकं कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

दुसरा मोजा वाया गेला.

१८ सप्टेंबर

आग विझवायच्या सिलिंडरवाल्या कंपनीचा माणूस ट्रेनिंगला आला. पिन काढा, नळी जाळाच्या बुडाशी धरा, दाबा. पोरांनी करून बघितलं. मी नाही केलं, बघून कळलं.

त्यानं विचारलं, संकटकालीन दाराला कुलूप असावं का? सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी उठून सांगितलं, असावं, पण चावी जबाबदार माणसाकडं असावी. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग पाणी प्याला.

कंपनीत घेतो की काय. घेतलं तर जाईन. एका जागी सडायचं नाही, हे ठरलेलं आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आज मॉक ड्रिल. पत्रात फोटो मागितलाय. पोरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, तरी चहा संपवूनच उतरली. हूटर कुणाला ऐकू गेला नाही, म्हणून शिट्टी वाजवली. जमायची जागा पार्किंग. फोटो झाला. सर म्हणाले, सक्सेसफुल.

सगळे पांगल्यावर धवल आला. पुढच्या जिन्यानं, एकेक पायरी, घामानं भिजलेला. म्हणाला, भाऊ, पुढच्या वेळी आधी मला खाली आणा, मग आग लावा.

पोरं लय हसली. मीपण हसलो.

ठराव: धवलसाठी वेगळा प्लॅन करायचा. मोठा प्लॅन आहे, सवडीनं लिहीन.

२६ सप्टेंबर

लाइट लुकलुकतात. मीटरबोर्डाला हात लावून बघितला तर गरम, ताप आलेल्या पोरासारखा. सरांना सांगितलं. सर म्हणाले, वायरमन दसऱ्यानंतर येतो.

मी हातावर हात ठेवून बसणारा नाही. खडूनं पाटी लिहून लावली: 'येथे हात लावू नये.' खाली बंबाचा नंबर. आता कुणी हात लावत नाही.

सिंधुबाई म्हणाल्या, हात नाय लावला म्हंजी आतला जाळ इझतो व्हय रं? अडाणी माणसाशी वाद घालू नये.

३० सप्टेंबर, अष्टमी

पोरं गावी गेली. होस्टेल रिकामं. पॅसेजमध्ये स्वतःच्याच चपला मागून आल्यासारख्या वाजतात. धवल राहिलाय, शुक्रवारी प्लास्टर दाखवायचं आहे. वडील धुळ्याहून न्यायला येणार.

उद्या खंडेनवमी. गावाकडं बाप कोयता, कुऱ्हाड पूजेला लावायचा. मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात नाही. आमच्या चुलत्यानं एकदा नवमीला कुऱ्हाड उचलली, त्याच साली त्याचा पाय गेला. सगळ्या गावाला माहीत आहे.

माझीपण हत्यारं आहेत. अशी पूजा करीन की नाशिकमध्ये कुणी केली नसेल.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

झाली पूजा!

सगळ्या मजल्यांवरचे लाल सिलिंडर खाली हॉलमध्ये आणले. पुसले, ओळीत मांडले. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचा हार. कुणी चाळा करू नये म्हणून पिनेला लाल दोरा, गाठी मारून. पुढं ताटात टॉर्च, शिट्टी, चाव्यांचा जुडगा. कमरेवरचा भार उतरला, हलकं वाटलं.

सिंधुबाईंनी विळी आणि सुऱ्या आणून ठेवल्या. म्हणून आज भाजी नाही, नुसतं वरणभात. वरवंटा का नाही आणला विचारलं, तर म्हणाल्या, त्याला कशाला, तो काय हत्यार हाय?

धवल जेवायला उतरला होता. म्हणाला, भाऊ, आमच्या मजल्यावरचेपण आणले? मी म्हणालो, देवीपुढं सगळे एकत्र हवेत. तो म्हणाला, म्हणजे आज आगीलापण सुट्टी? मी म्हणालो, असंच समज. तो परत वर चढला. कुबड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

फोटो आईला पाठवला, सरांना पाठवला. सर बायकोबरोबर येवल्याला पैठणी घ्यायला गेलेत. त्यांनी हात जोडलेले पाठवले.

असं समाधान आयुष्यात नाही.

वास आज जास्त येतोय. उदबत्ती लावली.

२ ऑक्टोबर, दसरा

लिहायचं मन नाही. पण ठराव म्हणजे ठराव.

काल चहाच्या वेळेला मीटरबोर्डातून धूर आला, मग जाळ. पाटी जळाली. मी लगेच पूजेपाशी पोचलो, हे लिहून ठेवतो. सिलिंडरला हात घातला. झेंडू हाताला लागला. चुलत्याचा पाय आठवला. हात मागं घेतला.

सिंधुबाई धावत आल्या. म्हणाल्या, उचल की रं मेल्या! मी म्हणालो, मावशी, पूजेतलं आहे. त्या म्हणाल्या, देवीला मी सांगते काय ते, तू सर बाजूला. त्यांनी उचलला. पिनेला दोरा. गाठी मी पक्क्या मारतो. नखांनी सोडवेपर्यंत जिना काळा झाला, सिलिंडर टाकून खोकत मेसच्या दारानं बाहेर पडल्या.

मी पार्किंगमध्ये होतो. जमायची जागा तीच आहे. शिट्टी वाजवणार होतो, ती ताटात. हूटर वाजत होता, पारव्यासारखा. सरांना फोन केला, म्हणाले, दुकानात आहे, नंतर बोलतो. बंबाचा नंबर पाटीवर होता.

धवलचा फोन आला. म्हणाला, बंबाला मी फोन केलाय. पुढच्या जिन्यात धूर आहे. मागच्या जिन्यानं खाली दारापर्यंत आलोय, इथंपण पॅसेजमधून भरतोय. नाथाभाऊ, चावी आणा.

मी म्हणालो, मी आहे ना.

चावी ताटात. ताट हॉलमध्ये. हॉल दिसत नव्हता.

परत म्हणाला, नाथाभाऊ? मग नुसता खोकला. मग दारावर कुबडी आपटल्याचा आवाज, फोनमधूनपण आणि होस्टेलच्या मागूनपण. मग फक्त हूटर.

सिंधुबाईंनी बाहेर, मोरीशी पडलेला वरवंटा उचलला आणि मागं धावल्या. मी ओरडलो की ते कुलूप चांगल्यातलं आहे. त्या घाव घालत राहिल्या. किती वेळ तुटेचना. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

दार उघडलं तेव्हा धवल दाराला टेकलेलाच होता. कुबडीसकट बाहेर पडला. त्याच वेळी बंब आला.

आईचा फोन आला होता. दसऱ्याचा. विचारलं, बरा आहेस ना? मी म्हणालो, गडबडीत आहे.

दुपारी आपट्याचं पान घेऊन हॉस्पिटलला गेलो. काचेतून धवल दिसला, तोंडावर नळी, छाती वरखाली. डॉक्टर म्हणतात, धूर आत बराच गेलाय, दोन दिवस काही सांगता येत नाही. बाहेर बाकावर त्याचे वडील. धुळ्याहून रात्रीच आलेले. माझ्या जाकिटाकडं बघून उठले. म्हणाले, तुम्ही होस्टेलचे ना? पोरगा रोज फोनवर सांगायचा, काळजी नको पप्पा, नाथाभाऊ आहेत. कुठं आहेत ते?

पान माझ्या मुठीत होतं.

मी म्हणालो, ते नाहीत.